उचललेली गाडी ही तुमच्याकडची ठेव आहे

प्रति,
माननीय पोलीस अधीक्षक, महापालिका आयुक्त आणि नगरपालिकांचे मुख्याधिकारी,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे

महोदय,

टोइंग बंद करा, अशी माझी मागणी नाही. लग्नसराईत जळगावच्या फुले मार्केटकडून जाताना किंवा संध्याकाळी धुळ्याच्या आग्रा रोडने पाच कंदिलाकडे येताना काय हाल होतात, ते मी रोज पाहते. दोन्ही कडांना दुचाकींची दुहेरी रांग, तिच्या पुढे हातगाड्या, मधल्या फटीतून रिक्षा आणि त्यांच्या मागे सायरन वाजवत अडकलेली रुग्णवाहिका. तो रस्ता मोकळा करणे तुमचे कामच आहे. आडवी लावलेली गाडी उचला, दंड करा, नियमाप्रमाणे क्रेनचे पैसे घ्या. माझे म्हणणे आहे ते गाडी उचलल्यापासून मालकाच्या हातात परत पडेपर्यंतच्या वेळाबद्दल. त्या वेळात ती गाडी कोणाची असते, कोणाच्या जबाबदारीवर असते आणि मालकाला काय हक्क असतात, याचा आपल्याकडे कोणी विचारच करत नाही.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. माझ्याकडे येणारी माणसे बहुतेक खेड्यांतली. रावेर-यावलकडून केळीच्या पैशाच्या वादासाठी येतात, चोपडा-अमळनेरकडून वाटणीच्या दाव्यासाठी, साक्री-शिरपूरकडून अपघाताच्या भरपाईसाठी. कोर्टाची तारीख असली की त्याच फेरीत दवाखाना होतो, खत-बियाणे घेतले जाते, सराफाकडे गहाण ठेवलेले सोडवले जाते आणि लग्न असेल तर बस्ताही बांधला जातो. हे सगळे एका मोटारसायकलवर. घरात तेवढेच एक वाहन. शहरातल्या माणसाची गाडी उचलली तर तो रिक्षा करून घरी जातो. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून सातपुड्याचा घाट उतरून नंदुरबारला आलेल्या माणसाची गाडी उचलली, तर त्याचा घरी जायचा रस्ताच बंद होतो. म्हणून शहराला किरकोळ वाटणारा हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १२२ सांगते की इतरांना धोका, अडथळा किंवा नाहक त्रास होईल अशा रीतीने सार्वजनिक जागी वाहन उभे करू नये. गाडी उचलण्याचा अधिकार येतो तो कलम १२७ मधून. वाहन सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त वेळ बेवारस किंवा मालकाविना पडून असेल, अथवा कायद्याने पार्किंगला मनाई असलेल्या जागी उभे असेल, तर ते टोइंगने हलवण्याची किंवा त्याला जामर लावण्याची परवानगी त्या हद्दीचा, गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. मोडलेले, जळालेले किंवा सोडून दिलेले वाहन वाहतुकीला धोका ठरत असेल तर ते ताबडतोब हलवता येते. टोइंगचा खर्च मालकाने द्यायचा, हेही त्याच कलमात आहे. म्हणजे तुमच्या अधिकाराला पक्का पाया आहे. पण बेवारस आणि मोडक्या गाड्या सोडल्या, तर हा पाया तीन गोष्टींवर उभा आहे: जागेवर कायदेशीर मनाई, परवानगी देणारा पोलीस आणि त्याच्या अंगावर गणवेश. यातली एक जरी गोष्ट नसली, तरी गाडी उचलण्याला १२७ चा आधार राहत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ३०० अ सांगतो की कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, आणि एखाद्याची जुनी शंभर सीसीची मोटारसायकलही मालमत्ताच असते.

इथे वाहनधारकांनाही दोन शब्द सांगते, कारण त्यांच्या मोबाइलवर फिरणारी अर्धवट माहिती त्यांनाच अडचणीत आणते. ‘दहा तास झाल्याशिवाय गाडी उचलताच येत नाही’ हे खरे नाही. दहा तासांची अट बेवारस पडलेल्या गाडीसाठी आहे. मनाई असलेल्या जागेवरची गाडी दहा मिनिटांतही उचलता येते. ‘बोर्ड नव्हता म्हणजे दंड नाही’ हेही सरसकट खरे नाही. २०१७ च्या मोटार वाहन चालवण्याच्या विनियमांनी काही जागा मुळातच वर्ज्य केल्या आहेत. पदपथ, पादचारी पट्टे, चौकाच्या तोंडाजवळची जागा, बस थांबा, शाळेचे आणि दवाखान्याचे प्रवेशद्वार. तिथे फलक असो वा नसो, गाडी लावायची नाही. जिल्हा रुग्णालयाच्या गेटसमोर गाडी लावून ‘फलक कुठे आहे’ म्हणून पोलिसाशी वाद घालणाऱ्याचे वकीलपत्र मी घेणार नाही.

मात्र बाकी सगळ्या रस्त्यांवर फलक लावणे ही तुमची जबाबदारी आहे. कलम ११७ प्रमाणे गाड्या कुठे आणि किती वेळ उभ्या करायच्या, हे शासनाने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याने स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवायचे असते, आणि कलम ११६ खाली त्याची चिन्हे रस्त्यावर लावायची असतात. आपल्या शहरांत या चिन्हांची अवस्था काय आहे? निळ्या गोलावर लाल तिरपी रेघ असलेला फलक कडुनिंबाच्या फांदीआड असतो, नाहीतर एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली झाकलेला असतो. सम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या लावायच्या, अशी सोय ‘पी-१, पी-२’ एवढ्या अक्षरांवर सांगितली जाते. शहरात राहणाऱ्यालाही ते पटकन उमगत नाही, मग घरी पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या आणि मराठी जेमतेम वाचणाऱ्या माणसाने ते कसे ओळखायचे? मनाई कुठून कुठपर्यंत आहे हे दाखवणारे बाण हवेत, वेळ लिहिलेली हवी आणि ती सोप्या मराठीत हवी.

याच्या उलट, जिथे मनाई नाही तिथे दुकानदारांनी स्वतःच ‘नो पार्किंग’ रंगवून ठेवलेले असते. कोणी ‘फक्त आमच्या ग्राहकांसाठी’ म्हणून साखळी बांधतो, कोणी विटांवर पाटी उभी करतो. सार्वजनिक रस्त्यावरच्या असल्या पाट्यांना कायद्यात काडीचीही किंमत नाही. त्या पाटीच्या भरवशावर दुकानदाराने फोन करायचा आणि क्रेनने येऊन गाडी न्यायची, असे घडत असेल तर ती पोलिसांची कारवाई म्हणता येत नाही, ती दुकानदाराची चाकरी झाली. उलट रस्ता अडवल्याबद्दल त्या साखळीवरच कारवाई व्हायला हवी.

आता गाडी उचलणाऱ्या हातांकडे येते. कायद्याने परवानगीचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला दिला आहे. प्रत्यक्षात टेम्पोच्या मागच्या बाजूने उड्या मारणारी ठेकेदाराची पोरे ठरवतात, कोणती गाडी घ्यायची आणि कोणती सोडायची. पोलीस पुढे केबिनमध्ये बसलेला असतो, कधी कधी तर मोबाइलमध्ये मान घालून. पोरांना गाडीमागे पैसे मिळत असतील, तर त्यांचे डोळे रस्ता कुठे अडला आहे ते पाहणार नाहीत, पटकन कोणती गाडी उचलता येईल ते शोधणार. म्हणून गल्लीत कडेला नीट लावलेली हलकी स्कूटर जाते आणि चौकात आडवा उभा असलेला बड्या माणसाचा जड एसयूव्ही तसाच राहतो. त्या पोरांवर माझा राग नाही. तीही आमच्याच खेड्यांतून आलेली, रोजंदारीवर राबणारी. राग आहे तो या व्यवस्थेवर, जिने पोलिसाने घ्यायचा निर्णय त्यांच्या मजुरीशी बांधला. ठेका द्यायचाच असेल तर त्याचा मोबदला उचललेल्या गाड्यांच्या संख्येवर ठेवू नका, दिवसाच्या ठरलेल्या भाड्यावर ठेवा. सगळ्या मागण्यांत मला ही सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण बाकीचे बरेचसे रोग इथूनच सुरू होतात.

निर्णय यंत्रासारखा झाला की काय होते, हे राज्याने पाहिले आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला एक आई मोटारीत बसून बाळाला दूध पाजत असताना ती मोटार ओढून नेली गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यात नाना पेठेत दुचाकीवर बसलेल्या माणसासकट दुचाकी क्रेनने उचलली. दोन्ही घटनांची चित्रफीत निघाली म्हणून बोभाटा झाला. आपल्याकडे चित्रफीत निघाली नाही याचा अर्थ काही घडतच नाही असा होत नाही. माणूस आत बसलेला किंवा गाडीपाशी उभा असेल, ती लगेच काढायला तयार असेल, तर अडथळा तिथेच संपतो. दंडाची पावती द्या आणि त्याला जाऊ द्या. कलम १२७ चा उद्देश रस्ता मोकळा करणे हा आहे, उचललेल्या गाड्या ठेवायचे यार्ड भरणे हा नव्हे.

गाडी गेली की पहिला धक्का वेगळाच बसतो. आमच्या भागात मोटारसायकल जागेवर दिसली नाही, की माणसाच्या मनात पहिला विचार चोरीचाच येतो. असेच एक म्हातारे बाबा बायकोला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन शहरात आले होते. बाहेर येऊन पाहतात तर गाडी नाही. माझ्याकडे आले ते रडवेले होऊन. ‘बाई, मन्ही गाडी चोराई गयी.’ त्याआधी ते पोलीस ठाण्यात जाऊन आले होते. तिथे कोणी म्हणाले वाहतूक शाखेत जा, तिथे कोणी म्हणाले यार्डात पाहा. यार्ड शहराच्या दुसऱ्या टोकाला. पट्टी बांधलेल्या बायकोला रिक्षात घालून तिथे पोहोचेपर्यंत कुलूप लागलेले, आणि गावाकडची शेवटची एसटी निघून गेलेली. ती रात्र दोघांनी नातेवाइकांच्या ओळखीतल्या कोणाच्या तरी घरी काढली. शहराचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हे तिन्ही जिल्ह्यांत कुठेही होऊ शकते आणि होतेच.

तुम्ही म्हणाल, ई-चलनाचा संदेश मोबाइलवर जातो. जातो, पण कोणाच्या? नोंदणीत जो क्रमांक असेल त्याच्या. खेड्यातल्या कितीतरी गाड्या जुन्या घेतलेल्या असतात आणि नावावर केलेल्या नसतात. काही वडिलांच्या नावावर असतात आणि वडील वारलेले असतात. काहींच्या नोंदणीत दलालाचाच क्रमांक असतो. (गाडी नावावर करून घेणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. कलम ५० प्रमाणे घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. ते टाळू नका, पुढे अपघात झाला तर विक्रेता आणि घेणारा दोघेही गोत्यात येतात.) पण तोवर काय? अगदी साधा उपाय आहे. गाडी उचलली त्या जागी रस्त्यावर खडूने गाडीचा क्रमांक, वेळ आणि यार्डाचे नाव लिहा. त्या रस्त्यावर कायमचा एक फलक लावा: ‘येथून उचललेली वाहने अमुक ठिकाणी, या क्रमांकावर विचारा.’ आणि उचललेल्या गाड्यांची नोंद शहरातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला तासाभरात कळू द्या, म्हणजे चोरीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला खुर्चीवर बसवून तिथेच सांगता येईल.

आता या पत्राच्या मुद्द्यावर येते. मालकाच्या संमतीशिवाय तुम्ही त्याची वस्तू ताब्यात घेता तेव्हा तुम्ही तिचे राखणदार होता. हे माझे मत नाही, सर्वोच्च न्यायालयाचे आहे. गुजरात सरकार विरुद्ध मेमन महंमद हाजी हासम हा १९६७ चा निकाल वकिलीच्या पुस्तकांत सगळे वाचतात, पण वाहतूक शाखेत त्याचे नाव मी कधी ऐकले नाही. जुनागड संस्थानच्या जकात अधिकाऱ्यांनी एका माणसाचे दोन ट्रक आणि एक स्टेशन वॅगन जप्त केली होती. गाड्या उघड्यावर पडून राहिल्या, कोणी त्यांच्याकडे पाहिले नाही. पुढे जप्ती रद्द झाली आणि गाड्या परत द्या असा आदेश झाला. तोपर्यंत त्या बेवारस ठरवून विकूनही टाकल्या होत्या. सरकारने हात झटकले. न्यायालयाने सांगितले की लेखी करार नसला तरी माल ताब्यात असेपर्यंत सरकारची जागा ठेव सांभाळणाऱ्याची आहे. ती वस्तू स्वतःची असल्यासारखी जपणे आणि परत करण्याची वेळ आली की त्याच स्थितीत परत करणे, हे सरकारचे कर्तव्य आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम १५१ हेच सांगते: ठेव घेणाऱ्याने, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यावी. २०१९ मध्ये दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की ग्राहकाने चावी दिली आणि गाडी हॉटेलच्या ताब्यात गेली, तर ‘गाडी मालकाच्या जोखमीवर’ एवढे पावतीवर छापून हॉटेलला निष्काळजीपणातून सुटता येत नाही. तिथे मालकाने आपण होऊन चावी दिली होती. इथे तर तुम्ही त्याला न विचारता गाडी नेता. मग यार्डाच्या भिंतीवर ‘नुकसानीस आम्ही जबाबदार नाही’ असे रंगवण्याचा अर्थ काय?

नुकसान काय होते, ते कोणत्याही गॅरेजवाल्याला विचारा. हँडल लॉक असलेली गाडी दोघे-तिघे पुढून-मागून धरून टेम्पोत फेकतात. आरसा आणि इंडिकेटर तर हमखास जातात. लॉक असलेल्या हँडलवर जोर पडला की पुढचा चिमटा आउट होतो, गाडी एका बाजूला ओढू लागते, आणि हे मालकाला चार दिवसांनी कळते. आडवी पडलेली गाडी पेट्रोल गाळते, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा पेट्रोल गळलेला टेम्पो किती धोक्याचा, हे मी सांगायला नको. मोटारीचे तर आणखी वेगळे. ज्या गाडीची ताकद पुढच्या चाकांना जाते तिची पुढची चाके उचलून न्यावी लागतात, मागच्या चाकांना जाते तिची मागची. हँडब्रेक ओढलेला असताना फरफटत नेले की टायर आणि ब्रेक दोन्ही जातात. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक मोटारी तर चारही चाके वर ठेवून सपाट फलाटाच्या गाडीवरच न्यायला हव्यात, कारण चाके फिरत राहिली तर गिअरबॉक्स किंवा मोटर बिघडते. तुमच्या ठेकेदाराकडे असले वाहन आहे का, हे ठेका देताना कोणी पाहते का?

म्हणून गाडी हलवण्याआधी तिचे चारही बाजूंनी फोटो काढा. मनाईचा फलक दिसेल असा एक, गाडीवर आधीच असलेले ओरखडे दिसतील असे बाकीचे. यात तुमचाही बचाव आहे, कारण खोटी तक्रार करणारे मालकही असतात. डिकी बंद असेल तर तसे लिहा, पिशवी लटकलेली असेल तर ती नोंदवा. खेड्यातला माणूस डिकीत पासबुक ठेवतो, सातबारा ठेवतो, औषधे ठेवतो. यार्डात छप्पर, कुंपण आणि कॅमेरा असू द्या. गाडी परत देताना मालकाला ती तपासायला पाच मिनिटे द्या, आणि नुकसान दिसले तर ते लिहून घेणारी एक वही तिथेच ठेवा. तीनशे रुपयांच्या इंडिकेटरसाठी कोणी दिवाणी दावा लावत नाही, छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाण्याचा तर प्रश्नच येत नाही. कोर्ट परवडत नाही म्हणून हक्कच नाही, असे होऊ देऊ नका. ठेकेदाराच्या अनामत रकमेतून ही भरपाई देण्याची अट करारात घाला.

पैशाबद्दल थोडक्यात. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०१ प्रमाणे वाहतुकीला अडथळा केल्याबद्दल पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. कलम १७७ चा सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी पाचशेपर्यंत आणि पुढच्या वेळी पंधराशेपर्यंत. गाडी हलवण्याचा आणि ठेवण्याचा खर्च वेगळा, आणि तो शासनाने अधिसूचनेने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानेच वसूल करायचा असतो. गाडी अचानक बंद पडली असेल आणि मालक ती हलवण्याच्या खटपटीत असेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २०१ चा दंड लागत नाही. क्रेनचा दर यार्डाबाहेर मोठ्या अक्षरांत लावा. प्रत्येक रुपयाची पावती द्या. ‘पावती पाहिजे तर एवढे, नको असेल तर निम्मे’ ही भाषा आमच्याकडच्या लोकांनी इतक्यांदा ऐकली आहे की ती त्यांना नियमच वाटते. वाहनधारकांनो, निम्मे देऊन सुटू नका. कोणी असे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

गाडी सोडताना जुनी सगळी चलने भरा म्हणून अडवून धरणे, याला १२७ आणि २०१ या कलमांत कुठेही आधार नाही. तिथे टोइंगचा खर्च आणि त्या गुन्ह्याचा दंड, एवढेच आहे. दंड तडजोडीने भरणे हा कलम २०० खालचा मार्ग आहे, सक्ती नाही. ज्याला आरोप मान्य नाही त्याला न्यायालयात बाजू मांडण्याचा हक्क आहे, आणि हे त्याला यार्डातल्या खिडकीवरच सांगितले गेले पाहिजे. कागदपत्रांचेही तसेच. आरसी बुक गावी राहिले म्हणून माणसाला परत पाठवू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ प्रमाणे डिजिलॉकरमधली कागदपत्रे चालतात.

अपंग व्यक्तीच्या जोडचाकी स्कूटरबद्दल मी विनंती करत नाही, आग्रह धरते. ती स्कूटर म्हणजे त्या माणसाचे पाय आहेत. ती उचलून तीन किलोमीटरवर नेणे म्हणजे त्याला रस्त्यात टाकून जाणे. जागा चुकली असेल तर दंड करा, स्कूटर तिथेच बाजूला सरकवा. अंधार पडल्यावर एकट्या बाईला शहराबाहेरच्या यार्डात बोलावू नका. तिची गाडी जवळच्या पोलीस ठाण्यात आणून द्या.

आयुक्त आणि मुख्याधिकारी, आता तुमच्याशी बोलते, कारण पोलिसांच्या माथी सगळे मारून चालणार नाही. लोक रस्त्यावर गाड्या लावतात, कारण लावायला जागा नाही. जागा होती, नकाशात. व्यापारी संकुलाला परवानगी देताना तळघरात पार्किंग दाखवलेले असते, आणि इमारत उभी राहिली की तिथे गोदाम येते, क्लास येतो, मोबाइलची दुकाने येतात. मंजूर नकाशाविरुद्ध वापर करणाऱ्याला नोटीस देण्याचा अधिकार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ ने तुम्हाला दिला आहे. तळघर बळकावणाऱ्याला नोटीसही जात नाही आणि त्याच दुकानात बस्ता बांधायला आलेल्याची गाडी मात्र उचलली जाते, हा न्याय कोणता? ज्या रस्त्यावर टोइंग सुरू करायचे, त्या रस्त्यावरच्या संकुलांची पार्किंगची जागा आधी मोकळी करून घ्या. ते होईपर्यंत निदान जवळ गाडी कुठे लावता येईल, ते दाखवणारा फलक तरी लावा.

आणि वाहनधारकांना एक कळकळीचे सांगणे. गाडी चुकीची उचलली असे वाटले तरी क्रेनपुढे आडवे पडू नका, पोलिसाची कॉलर धरू नका. शासकीय कामात बळाने अडथळा हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खाली अजामीनपात्र गुन्हा आहे. पाचशे रुपयांच्या वादात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचे भवितव्य अडकलेले मी पाहिले आहे. फोटो काढा, अधिकाऱ्याच्या छातीवरच्या पट्टीवरचे नाव टिपून घ्या, पावती मागा, नुकसान लिहून द्या आणि तक्रारीच्या प्रतीवर पोच घ्या.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे काही गोष्टी कोणी मागण्याआधीच तुम्ही जाहीर करायच्या असतात. तिन्ही जिल्ह्यांत मी या पत्रासोबत दहा रुपयांच्या शुल्काचे अर्ज देत आहे. मनाई असलेल्या रस्त्यांची यादी आणि त्यांच्या अधिसूचना, टोइंगच्या ठेक्याचा करार, क्रेनचा मंजूर दर, ठेकेदाराची अनामत रक्कम, आणि नुकसानीच्या तक्रारींवर काय केले याची नोंद मी मागितली आहे. कायद्याने उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. जे उत्तर येईल ते मी तालुक्यातालुक्याच्या कोर्टातल्या वकिलांच्या बार रूममध्ये, एसटी स्टँडवर आणि बाजार समितीत लोकांना वाचायला लावीन. त्याआधीच तुम्ही ही माहिती स्वतः फलकावर लावलीत, तर माझा अर्ज मी आनंदाने मागे घेईन.

कळावे.

आपली,
जिल्हा न्यायालयातील एक खान्देशी वकील